‘तसली’ पुस्तकं

एस.ओ.एम.च्या पेपरात थिअरी ऑफ सिंपल बेंडिंग आली की आपण सगळे डोळे मिटून आधी गृहीतकं लिहितो. मटेरियल होमोजिनियस आहे. आयसोट्रॉपिक आहे. प्लेन सेक्शन बेंडिंगनंतरही प्लेनच राहतो. पुढचं डेरिव्हेशन आलं नाही तरी गृहीतकांचे दोन मार्क कुठे जात नाहीत! माणसांच्या बाबतीत मात्र आपण बरेचदा तेवढ्यावरच पेपर देऊन उठतो. गृहीतकं लिहिली, दोन मार्क खिशात, सप्लिमेंट मागायची गरजच नाही.

हे आठवायचं कारण म्हणजे माझ्या कॉटखालची हिरवी पत्र्याची ट्रंक. मी एफ.ई.ला आलो तेव्हा ती माझ्याबरोबर आली. विंगमध्ये पहिली अफवा अशी उठली की आत लाडू-चिवडा आहे. दोन दिवस पोरं माझ्याशी फार प्रेमाने वागली. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं आणि आत निघाल्या १८७ कादंबऱ्या. ४१ मराठी, १४६ इंग्रजी, सगळ्याच्या सगळ्या प्रेमकथा. इंग्रजीत बहुतेक मिल्स अँड बून, मराठीत काकोडकर, फडके आणि मंडळी. एका कव्हरवर डॉक्टर, एकावर घोडेवाला, एकावर समुद्र, आणि सगळीकडे कुणीतरी कुणाच्या तरी मिठीत. लाडू नाहीत म्हटल्यावर आलेली निराशा पोरांनी पुढची तीन वर्षं माझ्यावर काढली. ‘रोमिओ’ हे नाव तेव्हापासून पडलं ते आजतागायत. मेसच्या काकांनासुद्धा माझं खरं नाव माहीत नसावं.

मित्रहो, नावाचं मला काही वाटत नाही. हॉस्टेलवर याहून भयंकर नावं घेऊन लोक चार वर्षं काढतात आणि कॅम्पसला सिलेक्टही होतात. पण या तीन वर्षांत ‘तसली’ पुस्तकं वाचणाऱ्यांबद्दल जी गृहीतकं माझ्या कानावर आली, ती एकदा लिहून काढावीत म्हणून हा लेखप्रपंच.

गृहीतक पहिलं : ही पुस्तकं वाचणारी व्यक्ती एकटी, लग्न न झालेली किंवा प्रेमभंग झालेली असते.

ट्रंक माझ्या मावशीची आहे. मावशीचं लग्न झालेलं नाही. झालं! पहिल्याच गृहीतकाला पुरावा मिळाला. आमच्या नातेवाईकांनीही तो गेली तीस-पस्तीस वर्षं असाच वापरला. “लग्न नाही ना झालं, म्हणून वाचत बसते बिचारी...” हे वाक्य मी लहानपणापासून प्रत्येक लग्नकार्यात ऐकत आलोय, ते मांडवातच आणि मावशी वाढायला वाकलेली असताना.

आता डेरिव्हेशन बघू. मावशी नर्स होती. आजोबा गेले तेव्हा तिचं ट्रेनिंग नुकतंच संपलं होतं आणि मागे दोन भाऊ आणि माझी आई शिकत होते. एका मामाचा डिप्लोमा, दुसऱ्याचं बी.कॉम., आईचं डी.एड. आणि मग आईचं लग्न, हे सगळं एका पगारात बसवताना तिचं स्वतःचं राहून गेलं. त्यात कादंबऱ्यांचा काहीही संबंध नाही. उलट ज्यांच्या फिया भरल्या गेल्या तेच मांडवात ‘बिचारी’ म्हणायला पुढे! मावशी त्यावर एवढंच म्हणायची, “बोलू दे रे. त्यांना दुसरं काय वाचायला आहे?”

शिवाय तिच्या वॉर्डात ही पुस्तकं फिरायची ती कुणाकुणात? दोन मुलांची आई असलेली स्टाफ नर्स, रिटायरमेंटला आलेल्या मेट्रन आणि एक्स-रेवाले काका! काकांचा संसार व्यवस्थित चालू होता. ते पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचे आणि गुंडाळूनच परत आणायचे.

गृहीतक दुसरं : वाचणाऱ्याला अक्कल बेताची असते.

मावशीचं शिक्षण मराठी माध्यमातून. नर्सिंगची पुस्तकं इंग्रजीत. पहिल्या वर्षी तिला लेक्चरमधलं निम्मं कळत नसे आणि वसतिगृहात रडू येत असे. (आपल्यापैकी बऱ्याच जणांना एफ.ई.चं पहिलं सेमिस्टर आठवलं असेल!) तेव्हा केरळच्या एका सीनियर सिस्टरने तिला एक मिल्स अँड बून दिलं आणि सांगितलं, “डिक्शनरी बाजूला ठेव. आधी गोष्ट वाच. पुढे काय होतं हे कळायची घाई झाली की इंग्रजी आपोआप येतं.”

ट्रंकेतल्या सगळ्यात जुन्या पुस्तकांच्या समासात मावशीच्या बारीक अक्षरात पेन्सिलीने अर्थ लिहिलेले आहेत. पहिल्या पुस्तकात पानावर पंधरा-वीस शब्द. दहाव्यात पानाला दोन-तीन. तिसाव्याच्या पुढे समास कोरे. मी हे एकदा मुद्दाम मोजलं आणि एक्सेलमध्ये ग्राफ काढला. इतका सुंदर कर्व्ह माझ्या एकाही प्रॅक्टिकलला आलेला नाही, आणि इथे तर रीडिंग ढापायचीही गरज पडली नाही!

हे फक्त माझ्या मावशीचं नाही. राधिका परमेश्वरन या अभ्यासकबाईंनी १९९०च्या दशकात हैदराबादमधल्या कॉलेजच्या मुलींशी बोलून नेमका हाच अभ्यास केला. त्यातल्या मुलींनीही वाचण्याचं एक मोठं कारण सांगितलं ते इंग्रजी सुधारण्याचं. आपण पर्सनॅलिटी डेव्हलपमेंटच्या क्लासला हजारो रुपये मोजतो. या मुलींनी लायब्ररीच्या भाड्यात ते काम उरकलं आणि वर ‘रिकामटेकड्या’ हा किताबही पदरात पाडून घेतला.

आणि लिहिणाऱ्यांचं काय? ना. सी. फडके कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक होते. आयुष्यभर त्यांनी प्रेमकथा लिहिल्या आणि १९४० साली रत्नागिरीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. प्रेमकथा लिहिणारा मांडवात व्यासपीठावर आणि वाचणारी मात्र ‘बिचारी’, हे गणित मला कधी सुटलेलं नाही.

गृहीतक तिसरं : वाचणाऱ्याला वास्तवाचं भान राहत नाही.

आता हा खास मावशीचा प्रांत.

मिल्स अँड बून ही लंडनची कंपनी १९०८ साली सुरू झाली तेव्हा ती फक्त प्रेमकथांची नव्हती. जॅक लंडनची पुस्तकंसुद्धा तिने इंग्लंडात छापली. १९३०च्या दशकात तिने प्रेमकथांवर भर दिला आणि भाड्याने पुस्तकं देणाऱ्या लायब्ऱ्यांतून त्या घरोघर गेल्या. पुढे १९५७ साली कॅनडाच्या हार्लेक्विन कंपनीने तिच्या कादंबऱ्या आपल्याकडे छापायला घेतल्या, त्या सुरुवातीच्या कुठल्या असाव्यात? डॉक्टर-नर्सच्या! १९७१ मध्ये तर हार्लेक्विनने मिल्स अँड बूनच विकत घेतली. म्हणजे या सगळ्या कारभाराच्या पायात माझ्या मावशीचा पेशा आहे.

तर या डॉक्टर-नर्स कादंबऱ्या मावशी ज्या तऱ्हेने वाचते, तसे आमचे एक्स्टर्नलसुद्धा प्रोजेक्ट रिपोर्ट वाचत नाहीत. “दीडशे पानं झाली, अजून एकानेही बेडपॅन उचललेलं नाही.” “ऑपरेशन चालू असताना हा तिच्या डोळ्यांकडे बघतोय. आर्टरी कोण बघणार?” “नाईट करून सकाळी हिचे केस असे? आमचे व्हायचे झाडूसारखे.” एका पुस्तकात डॉक्टर नर्सला चारचौघांत ओरडतो आणि नंतर माफी मागतो. त्या पानाच्या समासात मावशीने पेन्सिलीने एकच शब्द लिहिलाय : ‘स्वप्नच!’

जिने ३५ वर्षं रात्री-अपरात्री माणसं मरताना पाहिली, तिला वास्तव शिकवायला आपण कोण? ती सांगते, “पहाटे चारला एखादा पेशंट गेला की त्याच्या माणसांना सांगायचं, कागद करायचे, बेड रिकामा करायचा. मग सहा वाजेपर्यंत अर्धा तास मिळायचा. तेव्हा मला असं काहीतरी हवं असायचं, ज्यात शेवटी सगळं नीट होतं हे नक्की माहीत असेल.”

जॅनिस रॅडवे या अमेरिकन प्राध्यापिकेने १९८४ साली ‘रीडिंग द रोमान्स’ नावाचं पुस्तक लिहिलं. एका गावातल्या, नियमाने प्रेमकथा वाचणाऱ्या बायकांशी त्या बोलत राहिल्या. त्यांना वाटलं होतं की बायका गोष्टीतल्या नायकाबद्दल बोलतील. बायका बोलल्या वाचण्याच्या वेळेबद्दल. घरातल्या सगळ्यांचं करून झाल्यावर हातात पुस्तक धरलं की तेवढा वेळ आपला, कुणी हाक मारायची नाही. मावशीने रॅडवेबाईंचं नावही ऐकलेलं नाही, पण पहाटे चार ते सहाचा हिशेब तिने तोच मांडला.

गृहीतक चौथं : सगळ्या गोष्टी एकसारख्याच. शेवट माहीत असतो, मग वाचायचं काय?

हे बोलणारा माझा रूम पार्टनर एकच सुपरहिरोपट आठव्यांदा बघत होता. असो.

रामायणाचा शेवट माहीत नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडेल का? तरी सप्ताहाला मांडव भरतोच. डिटेक्टिव्ह कथेत खुनी शेवटी सापडणार हे ठरलेलंच, पण ती वाचणाऱ्याला कुणी ‘बिचारा’ म्हणत नाही. तो बुद्धिमान! आपल्या ब्रँचचं बोलायचं तर आय.एस. ४५६ हातात घेऊन देशातला प्रत्येक जण तोच बीम डिझाइन करतो. कव्हर ठरलेलं, मिनिमम स्टील ठरलेलं, फॅक्टर ऑफ सेफ्टी ठरलेली. तरी चांगला डिझाइनर आणि वाईट डिझाइनर हा फरक उरतोच ना? दोघं शेवटी एकत्र येणार ही या गोष्टींची कोडबुकातली अट आहे. कसे येणार, मध्ये काय आडवं येणार आणि ते पटण्यासारखं असेल का, हे लिहिणाऱ्याचं डिझाइन.

सगळी डिझाइनं चांगली असतात असं नाही. जुन्या पुस्तकांतला नायक पुष्कळदा नायिकेचं मनगट आवळतो, ‘नाही’ ऐकून घेत नाही आणि लेखिका त्यालाच प्रेम म्हणते. मावशीला असली पुस्तकं चालत नाहीत. अशा तीन-चार पुस्तकांवर पहिल्याच पानावर शेरा आहे : ‘याला पोलिसात द्या.’ पुस्तक मात्र तिने टाकलेलं नाही. म्हणते, “पेशंट वाईट वागला म्हणून केसपेपर फाडतात का?”

गृहीतक पाचवं : त्यात ‘तसलं’ असतं.

याचा निकाल कोर्टात लागून गेलाय. चंद्रकांत काकोडकरांची ‘श्यामा’ ही कथा १९६२च्या ‘रंभा’च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लील म्हणून खटला भरला गेला. हायकोर्टाने काकोडकरांना दोषी धरलं. प्रकरण थेट सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि १९६९ साली ते निर्दोष सुटले. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं, की लिखाण संपूर्ण विचारात घेऊन ठरवायचं आणि आपल्या काळातल्या समाजाच्या फूटपट्टीने ठरवायचं. त्याच वर्षी काकोडकरांच्याच ‘नीलांबरी’वरून निघालेला ‘दो रास्ते’ थिएटरांत होता आणि लोक सहकुटुंब राजेश खन्नाला बघत होते!

सुप्रीम कोर्टाने जे केलं तेवढीच माझी पोरांकडे मागणी आहे. कव्हर बघून नव्हे, पूर्ण वाचून बोला.

आता मी ही ट्रंक हॉस्टेलवर का आणली, ते सांगायचं राहिलं.

मावशीला काचबिंदू आहे. मोतीबिंदू असता तर ऑपरेशन करून दिसलं असतं. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही, आणि हे तिला डॉक्टरांनी सांगायची गरज नव्हती. रिटायर झाल्यावर निवांत वाचायचं म्हणून तिने कितीतरी पुस्तकं बाजूला काढून ठेवली होती. दोन वर्षांत तिला छापील अक्षर दिसेनासं झालं. क्वार्टर सोडून ती मामाकडे राहायला गेली, तिथे जागा कमी. मग घरात ठरलं की ट्रंक रद्दीत द्यायची. रद्दीवाल्याने काटा लावला : २२ किलो, १२ रुपये दराने २६४ रुपये. मी त्या दिवशी तिथे होतो. मावशी काही बोलली नाही. फक्त म्हणाली, “मोजताना पावसाळी ठेवू नका, भिजतील.” रद्दीत निघालेली पुस्तकं भिजू नयेत म्हणून सांगणाऱ्या माणसाची पुस्तकं रद्दीत जाऊ देणं मला जमलं नाही. रद्दीवाल्याला दहा रुपये चहाला दिले आणि ट्रंक रिक्षात घातली.

तेव्हापासून दर रविवारी रात्री नऊ वाजता मी कॉरिडॉरच्या टोकाला, वॉटर कूलरजवळ रेंज येते तिथे बसून तिला फोनवर एक प्रकरण वाचून दाखवतो. “अॅप टाकून दे ना, मशीन वाचेल,” असं पुष्कळांनी सुचवलं. टाकूनही दिलं. मावशी म्हणाली, “मशीनला कुठे थांबायचं ते कळत नाही.”

थर्ड इयर सिव्हिलचा साडेपाच फुटी पोरगा, अंगात बर्म्युडा, कानाला फोन, आणि मोठ्याने ‘त्याने तिचा हात हातात घेतला...’ हे दृश्य कसं दिसत असेल याची कल्पना तुम्ही करा. पहिले काही रविवार पाणी प्यायला येणाऱ्यांची संख्या एकदम वाढली. शिट्ट्या झाल्या, कुणी व्हिडिओ काढला, कुणी मागून सनई वाजवली. मावशीने पलीकडून विचारलं, “कोण आहे रे?” म्हटलं, “विंगमधली पोरं.” तर म्हणाली, “जेवलीत का विचार.”

पोरं सगळी सुधारली वगैरे काही नाही. पण मेकॅनिकलचा एक जण आहे, बीडचा. पाण्याची बाटली भरायला त्याला अलीकडे फार वेळ लागतो. परवा मी प्रकरण संपवून फोन ठेवला, तर कूलरमागून आवाज आला, “मग तिनं नोकरी सोडली का?” म्हटलं, “पुढच्या रविवारी.” तर वैतागून म्हणाला, “च्यायला, सोडायला नको राव. त्याचं काय, तो कुठंही जाईल.” त्याची आई अंगणवाडीत आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

हा संग्रह आहे, नुसता ढीग नाही. मावशीची एक वही आहे. त्यात प्रत्येक पुस्तकाला नंबर, कुठून घेतलं, किती रुपयांना, कुणी नेलं, कधी परत आलं. एके ठिकाणी ‘पान १११ नाही, अंदाजाने वाचणे’ अशी नोंद आहे. तिकिटं जमवली की आपण त्याला छंद म्हणतो आणि या कादंबऱ्या जमवल्या की नाद. वही बघितल्यावर हा फरक नेमका कशावर ठरतो, ते मला तरी सांगता येणार नाही.

जाता जाता आपल्या ब्रँचची एक गोष्ट. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमजवळ एम-सिक्स टोल नावाचा हायवे आहे. तो २००३ साली सुरू झाला तेव्हा बातमी आली की त्याच्या वरच्या थरात मिल्स अँड बूनच्या सुमारे २५ लाख जुन्या प्रतींचा लगदा घातलाय. ही बातमी पोरांना सापडली तेव्हा दोन दिवस माझं जगणं मुश्कील झालं होतं. “बघ, तुझ्या पुस्तकांचा खरा उपयोग!” ट्रान्सपोर्टेशनच्या पेपरसाठी मी यातलं शास्त्र वाचलं. स्टोन मॅस्टिक अस्फाल्टमध्ये डांबराचं प्रमाण जास्त असतं. गरम असताना ते खडीवरून ओघळून खाली जातं, त्याला ड्रेनडाऊन म्हणतात. ते धरून ठेवायला वजनाच्या साधारण ०.३ टक्के सेल्युलोजचे तंतू घालतात. हजारात तीन भाग. दिसत नाहीत, हिशेबात कुणी धरत नाही, पण नसले तर डांबर खाली आणि कोरडी खडी वर. मावशीला हे सांगितलं तर ती खूप हसली. म्हणाली, “आमच्या वॉर्डातही तेवढ्यावरच चाललं होतं.”

तर मंडळी, पी.एल. जवळ आलीय आणि नेमक्या त्याच दिवसांत आपल्याला अभ्यास सोडून काहीही वाचायची इच्छा होते. ट्रंकेला कुलूप नसतं. मुलगा-मुलगी, ब्रँच, वर्ष, कसलीही अट नाही. स्टाफपैकी कुणाला हवं असेल तर वर्तमानपत्रात गुंडाळून देण्याची सोय आहे. नेताना वहीत नाव लिहा, पंधरा दिवसांत परत करा आणि समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी कृपया खोडू नका.